हॅमबर्गरची बखर

कुठल्याही पदार्थाचा इतिहास लिहायला बसलं की पहिली अडचण त्याच्या नावापाशीच येते. हॅमबर्गरमध्ये हॅम नसतं. हॅम म्हणजे डुकराची खारवलेली मांडी. तिचा आणि या पदार्थाचा काडीचा संबंध नाही. नाव आलं ते जर्मनीतल्या हॅम्बुर्ग बंदरावरून. एवढं कळल्यावर साहेबाच्या भाषेला हसायचा मोह होतो, पण तो आवरलेला बरा. आपल्या मसाल्याच्या डब्यात नागकेशर असतं, त्यात नाग नाही आणि केशरही नाही. दगडफूल असतं, ते दगड नाही आणि फूल तर मुळीच नाही. बुरशी आणि शेवाळ यांनी भागीदारीत थाटलेला तो एक संसार आहे. ज्यांच्या डब्यात असली नावं सुखाने नांदतात, त्यांनी हॅम्बुर्गकडे बोट दाखवू नये.

दुसरी अडचण माझ्या गावाची. हॅमबर्गरचा इतिहास न्यूयॉर्कात बसून लिहिला तर लोक त्याला संशोधन म्हणतील. दापोड्यात बसून लिहिला तर 'याला काही कामधंदा नाही का' म्हणतील. त्यातून दापोडे म्हटलं की निम्मे लोक दापोली ऐकतात आणि हापूसची चौकशी करतात. उरलेले दापोडी ऐकतात आणि एस.टी.च्या वर्कशॉपात आपला कोण चुलतभाऊ होता ते सांगू लागतात. आमचं दापोडे भिवंडी तालुक्यातलं. काल्हेर, राहनाळ, पूर्णा, वळ, मानकोली, अंजूर ही शेजारपाजारची मंडळी. एके काळी इथे भात पिकायचा. मग मुंबईच्या जकातीच्या बाहेर आणि नाशिक रस्त्याच्या जवळ असण्याचा आमचा गुण व्यापाऱ्यांच्या ध्यानात आला आणि भाताच्या खाचरांत गोदामं उगवली. २०१७ साली जी.एस.टी. आला, जकात गेली, तरी गोदामं काही गेली नाहीत. उलट आणखी फोफावली. आज टी.व्ही.पासून टाचणीपर्यंत मुंबईकराला जे जे लागतं, त्यातलं बरंचसं त्याच्याकडे जाण्याआधी आमच्या गावच्या शिवारात मुक्काम करून जातं. फक्त भात तेवढा आम्ही विकत आणतो.

तर अशा या गावात, आमच्या स्वयंपाकघरात, हॅमबर्गरला चव कशी आणावी यावरून गेल्या डिसेंबरात वाद पेटला. एका बाजूला न्यू जर्सीहून सुटीवर आलेला माझा भाचा. दुसऱ्या बाजूला माझी आत्या, वय ब्याऐंशी, चष्मा लांबचा, जीभ जवळची.

भाच्याचं म्हणणं असं, की खऱ्या हॅमबर्गरमध्ये मीठ आणि मिरी यांपलीकडे काही घालायचं नसतं. तेही खिम्यात कालवायचं नाही. टिकिया थापून झाल्यावर, तव्यावर टाकण्याच्या क्षणी, वरून भुरभुरायचं. आत्याने हे शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "निस्ता मीठ न् मिरी? कोन आजारी हाय घरान?"

"आजी, तसं नाही. मांसाची मूळ चव लागायला हवी ना!"

"मसाला आत नाय गेला, तं चव काय वटीवर बसल?"

या प्रश्नाला न्यू जर्सीत उत्तर नव्हतं. भाचा माझ्याकडे वळला. "मामा, तू इतिहासाचा माणूस. तूच सांग." मी शाळेत पस्तीस वर्षं इतिहास शिकवला, पण इतिहासाचा उपयोग करून घरातलं भांडण मिटवायची संधी ही पहिलीच. म्हणून ही बखर.

बखरीची सुरुवात मिठापासून केली पाहिजे, कारण आमची स्वतःची सुरुवातही तिथूनच होते. आम्ही आगरी. आगर म्हणजे मिठागर, आणि त्यावरून आगरी, अशी आमच्या नावाची उपपत्ती सांगतात. आमच्यात मीठ-आगरी अशी एक शाखाच आहे. उधाणाच्या भरतीचं खाडीचं पाणी आत घ्यायचं, बांध घालून अडवायचं, एका वाफ्यातून दुसऱ्यात फिरवत उन्हात आटवायचं आणि तळाशी जमलेले खडे ओढून त्यांच्या राशी घालायच्या. काम ऐकायला सोपं. केलं म्हणजे पायांच्या भेगांत मीठ जातं आणि जन्मभर आठवण करून देतं. या मिठावर इंग्रजाने कर बसवला, १९३० साली वडाळ्याच्या मिठागरांवर सत्याग्रह्यांनी धाडी घातल्या, १९४७ साली कर उठला. सांगायचा मुद्दा, जेवणात मीठ कधी आणि किती हा विषय आमच्याकडे हलक्याने घेतला जात नाही. जातीच्या नावातच मीठ असल्यावर माणूस त्या बाबतीत जरा हळवा असायचाच.

आता खिम्याकडे येऊ. मांस बारीक करून, त्याचे गोळे वळून खायची कल्पना हॅम्बुर्गची, असं कोणाला वाटत असेल तर त्याने 'मानसोल्लास' पाहावा. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने इ.स. ११३० च्या आसपास हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. (हे कल्याणी म्हणजे आमच्या शेजारचं मध्य रेल्वेचं कल्याण नव्हे, बीदर जिल्ह्यातलं बसवकल्याण.) राजाने कोणते भोग भोगावेत याची ती यादी आहे आणि त्यात अन्नभोग भरगच्च आहे. बारीक केलेल्या मांसाचे गोळे आहेत, त्यांना हिंगाचं पाणी आहे, मसाले आहेत. शेतातला उंदीर भाजून कसा खावा हेही आहे. परंतु घरात पाहुणा असताना तो भाग मी वाचून दाखवला नाही. मुद्दा हा, की खिम्यात मसाला कालवून गोळा वळायचा शिरस्ता इकडे किमान नऊशे वर्षांचा आहे. आत्याला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मंग! राजा होता त्यो." जणू काही त्याने तिलाच विचारून ग्रंथ लिहिला होता.

पुढचा पुरावा अकबराच्या मुदपाकखान्यातला. अबुल फजलच्या 'आईन-इ-अकबरी'त, म्हणजे सोळाव्या शतकाच्या अखेरीस, दहा शेर मांसाच्या मापाने कबाबाची कृती दिली आहे. तूप, मीठ, आलं, कांदा, जिरं, धणे, मिरी, वेलची, लवंग. यादी वाचताना एकदम चुकल्यासारखं होतं. सगळे आले, पण घरचा कर्ता कुठे? मिरची कुठे आहे?

मिरची तेव्हा मुदपाकखान्यात पोचली नव्हती. ती मूळची अमेरिकेची. भाचा जिथून आला त्याच खंडांची. पोर्तुगीजांच्या गलबतांतून सोळाव्या शतकात ती आपल्या किनाऱ्यावर उतरली. तोवर तिखट म्हणजे मिरी. नव्या पाहुणीला आपण नावही मिरीवरूनच दिलं, आणि पुढे तिने मिरीलाच माजघरात ढकललं. घराघरांतून थोरल्या जावेचं असंच होतं.

आता हे पोर्तुगीज कुठे राहत होते? आमच्या समोर. १५३४ च्या तहाने वसई त्यांच्याकडे गेली, आणि पुढे खाडीपलीकडचं ठाणं आणि सगळी साष्टी त्यांच्या अमलाखाली होती. त्यांच्या जुलुमाविरुद्ध पेशव्यांकडे दाद मागणाऱ्यांत, मोहिमेची खटपट करणाऱ्यांत पुढे होते ते गंगाजी नाईक अंजूरकर. म्हणजे आमच्या दापोड्यापासून हाकेच्या अंतरावरच्या अंजूरचे. १७३७ साली ठाणं घेतलं, १७३९ च्या मे महिन्यात चिमाजीअप्पांनी वसई घेतली. फिरंगी गेला. त्याच्या चर्चमधल्या घंटा आपण उतरवून आणल्या आणि देवळांत बांधल्या. भीमाशंकराला आणि नाशकात नारोशंकराच्या देवळात त्या आजही आहेत.

पण फिरंग्याचं सगळंच काही परत पाठवलं नाही. मिरची ठेवून घेतली. बटाटा ठेवून घेतला. पाव ठेवून घेतला, तो शब्दासकट. साबण, चावी आणि पगार हे शब्दही त्याचेच. यांतला तिसरा आपल्याकडे फार टिकत नाही, हा काही फिरंग्याचा दोष नव्हे. १९६६ च्या सुमारास दादर स्टेशनाबाहेर वडापाव निघाला असं सांगतात. त्यातला बटाटा फिरंग्याचा, मिरची फिरंग्याची, पाव फिरंग्याचा, आणि तो हातात धरून आपण मराठी बाणा या विषयावर भाषणं केली. यात मला विसंगती मुळीच दिसत नाही. जिंकलेल्या किल्ल्याचा चुना कोणत्या गावचा होता हे विचारायचं नसतं.

इतकं ऐकल्यावर भाच्याने मुद्द्याचं बोट धरलं. "मामा, हा सगळा कबाबाचा इतिहास झाला. बर्गर वेगळा. त्याचा मूळ पुरुष काढ."

काढला. लंडनच्या हॅना ग्लास या बाईंचं पाककृतींचं एक पुस्तक १७४७ साली निघालं. 'हिंदुस्थानी पद्धतीची करी' कशी करावी हे इंग्रजांना छापून सांगणाऱ्या पहिल्या काही पुस्तकांत त्याची गणना होते. त्याच्या १७५८ च्या आवृत्तीत 'हॅम्बुर्ग सॉसेज' आहे, आणि हॅमबर्गरच्या वंशावळीत त्याला बहुतेक जण मूळपुरुषांत बसवतात. गाईचं मांस बारीक करायचं, त्यात चरबी घालायची, आणि मग? मिरी, लवंग, जायफळ, भरपूर लसूण, व्हिनेगर, मीठ, एक पेला वाइन आणि एक पेला रम. आतड्यात भरायचं, धुरात टांगायचं आणि भाजलेल्या पावाबरोबर खायचं.

मी हे वाचलं आणि क्षणभर स्वयंपाकघरात शांतता पसरली. लवंग, जायफळ, लसूण! वसई पडल्यावर एकोणीस वर्षांनी साहेबाच्या खिम्यात आमचा अर्धा मसाला होता. आत्याने एवढंच विचारलं, "रम कनाला?" तिला सांगितलं की थंडीचा मुलूख आहे.

मग हा मसाला गेला कुठे? एकोणिसाव्या शतकात जर्मन माणसं बोटींनी अमेरिकेला गेली, त्यांच्यामागून 'हॅम्बुर्ग स्टेक' न्यूयॉर्कच्या खाणावळींत गेलं. ते पावात कोणी घातलं यावर अमेरिकेत निदान चार गावांचा दावा आहे; कुणी १८८५ सांगतं, कुणी १९००. आपल्याकडे मूळ मिसळ कोणाची यावर जसा निकाल लागत नाही, तसा त्यांचाही लागलेला नाही. पण पुढे १९०६ साली अप्टन सिंक्लेअरची 'द जंगल' ही कादंबरी आली आणि शिकागोच्या कत्तलखान्यांत काय काय दळलं जातं ते वाचून अमेरिकन माणसाला खिम्याची धास्ती बसली. बारीक केलेल्या मालाचं असंच असतं. आत काय आहे ते दळणाऱ्यालाच ठाऊक. १९२१ साली कॅन्सस राज्यात विचिटा इथे 'व्हाइट कॅसल' निघालं ते नावापासून भिंतींपर्यंत पांढरं, आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर तव्यावर भाजणारं. मला वाटतं, मीठ-मिरीचा तो सोवळेपणा इथला आहे. मसाला घातला की माणूस विचारतो, काय झाकलंय? काही न घालणं ही शुद्धतेची जाहिरात झाली. पुढे १९४८ साली मॅक्डोनाल्ड बंधूंनी कॅलिफोर्नियात बर्गरचा कारखानाच करून टाकला. एकाच चवीच्या लाखो टिकिया काढायच्या, तर त्यात हाताच्या अंदाजाला जागा कुठून राहणार?

तीच कंपनी १९९६ च्या ऑक्टोबरात दिल्लीत आणि आपल्या वांद्र्यात आली तेव्हा मात्र तिने गाय आणि डुक्कर दोन्ही वगळून मटणाचा 'महाराजा' बर्गर केला. शेवटी त्यांनाही महाराजाचं नाव घ्यावं लागलं. सोमेश्वर कुठेतरी हसला असेल.

इतिहास इथवर आला, आता न्याय. आमच्याकडे न्याय तव्यावर होतो. बोकडाचा खिमा आणला. बोकडाच्या मांसात चरबी बेताची, म्हणून चार भाग खिम्याला एक भाग चरबी खाटकाकडून त्यातच दळून घेतली. अर्धा किलोला सपाट चहाचा चमचाभर मीठ, हे माप दोन्ही पक्षांना मान्य झालं. मग तीन वाटे केले.

पहिला वाटा आत्याच्या रीतीचा. मीठ, मसाला, आलं-लसूण, कच्चा कांदा, सगळं कालवून, कणकेसारखं मळून तासभर ठेवलं. भाजल्यावर चव फर्मास. पण टिकिया घट्ट झाली, चेंडूसारखी दबून वर येणारी. याचं कारण मिठात आहे. मीठ मांसातली प्रथिनं विरघळवून चिकट करतं, आणि मळलं की ती एकमेकांना धरून बसतात. सीखेवर थापायच्या कबाबाला हेच हवं असतं, नाहीतर तो निखाऱ्यांत पडेल. भिवंडीत सत्तावन्नच्या बंडानंतर उत्तरेकडून आलेल्या विणकरांच्या घरांत ही विद्या पिढ्यान्‌पिढ्या आहे. तिथे शामी कबाबाला हरभऱ्याची डाळही त्याचसाठी घालतात. थोडक्यात, आत्याने केला तो उत्तम कबाब होता. बर्गर नव्हता.

दुसरा वाटा भाच्याचा. न मळता, हलक्या हाताने थापलेला, मध्ये अंगठ्याने खळगा दाबलेला (म्हणजे फुगत नाही), मीठ-मिरी तव्याच्या तोंडावर. टिकिया मोकळी, रसाळ, कडेला छान खरपूस. पण गाईच्या मांसावर जे खपतं ते बोकडावर खपत नाही. बोकडाला स्वतःचा एक वास असतो आणि तो स्वतःच्या मताचा असतो. त्याला मीठ-मिरी पुरली नाही. भाच्यानेच अर्धी टिकिया ताटात ठेवली, तेव्हा आत्या खिडकीबाहेर पाहत होती. जिंकलेल्या माणसाने कुठे पाहावं हे तिला कळतं.

तिसरा वाटा तहाचा. मसाला टिकियेवर वरून भुरभुरला तर तापल्या तव्यावर मिरची करपते आणि सगळं घर खोकतं. म्हणून तो आत गेला पाहिजे. पण कच्चा जाऊ नये. कांदा बारीक चिरून, खिम्याच्याच थोड्या चरबीत लाल केला, त्यावर दोन चमचे आत्याचा मसाला टाकून मंद आचेवर हलवला, पूर्ण गार केला. कच्चा कांदा पाणी सोडतो आणि टिकिया फुटते. परतलेला तसं करत नाही. हे मिश्रण खिम्यात बोटांच्या टोकांनी मिसळलं, मळलं नाही. टिकिया थापून फ्रीजमध्ये अर्धा तास ठेवल्या. मीठ मात्र भाच्याच्या म्हणण्याप्रमाणे अगदी शेवटी, दोन्ही बाजूंनी. आधी लिंबाएवढा गोळा भाजून चव पाहिली. सगळा डाव मांडण्याआधी एक पान पाहून घेतलेलं बरं. आणि खिमा आहे, तेव्हा आत गुलाबी ठेवायचा नाही. भाच्याच्या काट्याप्रमाणे आतली उष्णता ७१ अंशांवर गेल्यावरच उतरवला.

त्या टिकियेबद्दल मी काही लिहीत नाही. तिच्या बाबतीत लिखित साधनं उपलब्ध नाहीत, कारण काही उरलंच नाही. आत्याने पहिला घास घेतला, सावकाश चावला आणि निर्णय दिला, "ह्यो तं खिम्याचा वडा." नामकरण झालं. पोर्तुगीजांच्या पावात, अमेरिकेच्या मिरचीने, हॅम्बुर्गच्या नावाचा पदार्थ दापोड्याच्या खानेसुमारीत दाखल झाला.

पण बखरीचं खरं काम त्यानंतर झालं. भाच्याने मसाल्याची कृती मागितली, आणि आमच्या लक्षात आलं की ती कुठेही लिहिलेली नाही. दर मे महिन्यात आत्या मसाला करते. रंगाला बेडगी, तिखटाला लवंगी, धणे, हळकुंड, खसखस, बडीशेप, जायपत्री, चक्रीफूल, तमालपत्र, ते नागकेशर आणि ते दगडफूल. पूर्वी मिरच्या खळ्यावर वाळत पडायच्या आणि सगळ्या आळीला शिंका यायच्या. खळ्यावर आता एका गोदामाचा धक्का आहे आणि तिथे ट्रक उलटे लागतात. मिरच्या गच्चीवर गेल्या. शिंका कमी झाल्या आहेत, कारण मसाला घरी करणारी घरंच कमी झाली आहेत. तिची मापं म्हणजे मूठ, ओंजळ, 'असा एवढा' आणि 'वास येस्तंवर'. यातलं 'असा एवढा' तिच्या हाताबरोबर जाणार, हे आम्ही दोघंही बोललो नाही.

भाच्याने डिजिटल काटा आणला. आत्या मूठ भरी, काट्यावर ओती. भाचा आकडा लिहून घेई. त्याला शंका आली म्हणून धण्याची तीच मूठ त्याने तीनदा भरायला लावली. तिन्ही वेळा काट्याने आकडा तोच दाखवला. न्यू जर्सीचा अभियंता काट्याकडे पाहत राहिला. आत्या म्हणाली, "बग, बराबर हाय ना तुजा काटा?"

ते कागद आता फायलीत आहेत. एक प्रत न्यू जर्सीला गेली, एक माझ्या कपाटात. 'वास येस्तंवर' यापुढची जागा मात्र कोरी आहे, कारण वासाला काटा नाही. तिथे पुढच्या मे महिन्यात भाच्याने स्वतः हजर राहून नाक लावायचं ठरलं आहे. त्याने तिकीट काढलं आहे. आत्याने मिरच्या सांगून ठेवल्या आहेत.